मॉडेलच्या बारीक पितळी भागांना चांदीचा डाख: नवख्याने तिथूनच सुरुवात करावी का?

धागाकर्ता: माझं स्पष्ट मत आहे, करावी. कथिल-शिशाचा ६३/३७ डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळतो. शेजारी दुसरा जोड द्यायला गेलं की पहिला सुटतो. ५५ टक्के चांदीचा डाख ६३० ते ६६० अंशांच्या दरम्यान वितळतो, त्यामुळे नंतर बाजूला कथिल लावलं तरी आधीचा जोड जागचा हलत नाही. चालत्या वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरला तर कथिलाचा भरवसा धरूच नये.

प्रतिसाद १: बॉयलरचं मान्य. पण शोभेच्या मॉडेलमधल्या रेलिंगचं काय? अर्धा मिलिमीटरची तार लालसर झाली की मऊ पडते, मग बोट लागलं तरी वाकते. शिवाय पितळ ९०० अंशांच्या आसपास वितळतं. बारीक भागावर गॅसचा टॉर्च क्षणभर जास्त रेंगाळला की तेवढंही अंतर उरत नाही. तीन संध्याकाळी कानस मारून बसवलेली शिडी माझ्या डोळ्यांसमोर गोळा झाली आहे. नवख्याचा उत्साह अशाने पहिल्याच दिवशी संपतो.

धागाकर्ता: तारेचा मुद्दा बरोबर आहे, रेलिंगला मीही कथिलच लावीन. पण शिडी गेली ती ज्योत थेट बारीक भागावर धरल्यामुळे. आधी जाड भाग तापवायचा. डाख उष्णतेकडे धावतो, तो आपोआप फटीत ओढला जातो.

प्रतिसाद २: फट असेल तर ना! ०.१ मिमीच्या आसपास हवी. मोठी भोकं हा डाख भरत नाही, म्हणून खरी मेहनत कानशीची. फ्लक्सचंही (तापताना धातू स्वच्छ ठेवून डाख पसरू देणारा लेप) बघा: नुसता टाकणखार ७४० अंशांच्या पुढे वितळतो, म्हणजे तुमच्या या डाखाच्याही नंतर. त्याला फ्लोराइडवाला फ्लक्सच लागतो. आणि क्रम उलटा करू नका. कथिल लागलेला भाग चांदीच्या डाखासाठी तापवला तर शिसं-कथिल पितळ खातं, खड्डे पडतात. आधी खरवडून पार स्वच्छ करा.

प्रतिसाद ३: नवख्याला सांगताय तर हे आधी सांगा: चांदीच्या डाखाच्या जुन्या कांड्यांमध्ये कॅडमियम असू शकतं, त्याचा धूर विषारी. फ्लोराइडचा धूरही वाईट. बंद खोलीत हे काम करूच नये.

धागाकर्ता: हे मी पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. माझ्याकडच्या दोन जुन्या कांड्यांवर काहीच छापलेलं नाही, त्या आता वापरणार नाही.

प्रतिसाद १: मग नवख्याने आधी कथिलावर हात बसवावा, हे माझं म्हणणं अजून पक्कं झालं.