ऐकलेलं वाक्य तिथंच टिपा
"खरंच चांगलं सुचलेलं विसरत नाही" म्हणून टिपून ठेवायची गरज नाही, असं काही लिहिणारे म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. कल्पना राहते हो, पण बोलण्याची ढब जाते. नाशिकच्या गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात एक मावशी गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "भाव कर बाई, पण मेथीला नखं लावू नको." घरी पोचेपर्यंत त्याचं "भाजी खराब करू नका" होऊन जातं! म्हणून मी कडेला थांबून फोनमध्ये मराठीत बोलून टिपते. फारच गलका असेल तर पर्समधल्या एखाद्या पावतीमागे. वाक्यासोबत हात काय करत होते तेही लिहा: मावशी जुड्यांवर पाणी शिंपडत होत्या. आणि त्याच रात्री वहीत उतरवा, आठवड्याने नुसतं "मेथी, नखं" वाचून काही कळत नाही.