बाबांची बंदूक नावावर करून घ्यावी का?

परसदार: गुहागरच्या अलीकडे आमचं घर. आई-बाबा दोघंच असतात, वाडीतली निम्मी घरं शिमगा-गणपतीलाच उघडतात. आजोबांच्या वेळेपासून शेतीसंरक्षणाचा परवाना आहे, एकनळी बारा बोअर. बाबा आता 74 वर्षांचे. 2016 च्या नियमांनुसार परवानाधारक सत्तरीचा झाला की वारसाला आपल्या नावावर परवाना मागता येतो. मागच्या महिन्यात शेजारचं बंद घर फुटलं, तेव्हापासून दादा मागे लागलाय. मला नको वाटतं.

काजूबी: डोळे मिटून करून घ्या. आमच्याकडून पोलीस ठाणं 22 किलोमीटर. 112 लावायला आधी रेंज हवी ना! पावसात वीज गेली की टॉवरही झोपतो. रात्री घर फोडून शिरणाऱ्यापासून बचाव करायचा हक्क भारतीय न्याय संहितेतही आहे. नुसता हक्क घेऊन काठीने लढायचं काय?

सुरंगी: त्याच संहितेत असंही आहे की बचावापुरतीच इजा करायची. पळत्या चोराच्या पाठीत छर्रे घुसले तर कोर्टाच्या पायऱ्या कोण झिजवणार? आणि परवाना पिकासाठीचा आहे हो. रानडुक्कर मारायचा तरी वनखात्याची परवानगी लागते.

गजालवाडी: आमच्या आजोबांची ठासणीची होती. दारू ठास, छर्रे घाल, टोपी लाव... तवसर चोर काय चाय पिवक थांबतलो?

पागोळी: मी ग्रामीण रुग्णालयात बरीच वर्षं परिचारिका होते. चोराशी झटापटीत जखमी झालेला एकही आठवत नाही. बांधावरून, पायवाटेवरून, सामाईक विहिरीवरून डोकी फुटलेले मात्र दर पावसाळ्यात यायचे. आपल्याकडे चोरापेक्षा चुलतभावाची भीती जास्त, खोटं असेल तर सांगा. कोयतीचा वार टाक्यांवर निभावतो. तेच तिरमिरीत बंदूक हाताशी असती तर? दुसरं, लिहायला जड जातं. मुलं मुंबईला, घरात म्हातारा एकटा, दुखणं सरत नाही. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात.

काजूबी: अमेरिका इथे कशाला? तिथे माणसांपेक्षा बंदुका जास्त. आपल्याकडे परवान्याला पोलीस चौकशी, निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा. कर्नाटकात कोडगूत (कूर्ग) तिथल्या कोडव समाजाला तर परवान्यातूनच सूट आहे, तिथे काय रोज मुडदे पडतात?

पागोळी: कोडव बंदुकीची पूजा करतात, लहानपणापासून तिचा धाक शिकवतात. आपली पोटमाळ्यावर, गोधडीत गुंडाळलेली, आणि काडतुसं शेजारच्या बिस्किटांच्या डब्यात. परसदार, तुमची कुठे असते?

परसदार: ...कोठीच्या खोलीत. डबा बिस्किटांचाच.

काजूबी: मग कुलपाचं कपाट घ्या. 2022 मध्ये हरिहरेश्वरला वाहून आलेल्या बोटीत एके-47 सापडल्या, विसरलात?

सुरंगी: आणि तुम्ही एकनळीने किनारा राखणार! ते तटरक्षक दलावर सोडा. वाडीत सौरदिवे लावा, दोन गावठी कुत्रे पाळा, बंद घरांच्या किल्ल्या एका विश्वासू माणसाकडे ठेवा.

परसदार: काल बाबांना फोनवर सगळं वाचून दाखवलं. चुलतभावाच्या वाक्यावर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जमा करतो. काडतुसं तशीही दमट झालीत." आईने मागून विचारलं, "आणि वानरांचं काय? कालच शहाळी पाडून गेले."

गजालवाडी: वानरांक परवानो लागणा नाय, ह्या खरा दुखणा.