मुलीचं इंजिनीअरिंग: नवी मुंबईतलं स्वायत्त कॉलेज, अभिमत विद्यापीठ की पुण्याचं खाजगी विद्यापीठ?

कळवा_पालक: मुलीने एमएचटी-सीईटी दिली आहे. ओबीसी, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत. कॉम्प्युटर हवं आहे. तीन पर्याय आहेत: मुंबई विद्यापीठाशी संलग्न, वाशी-ऐरोली पट्ट्यातलं स्वायत्त कॉलेज, नवी मुंबईतलंच एक अभिमत (डीम्ड) विद्यापीठ आणि पुण्याजवळचं खाजगी विद्यापीठ. प्लेसमेंटचे आकडे तिघांचेही मोठे. तुलना कशावर करायची?

नेरूळ_लोकल: आधी फीची बाजू बघा, तुमच्या बाबतीत तिथेच बराच निकाल लागतो. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) मुलींना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण अट अशी की प्रवेश कॅपमधूनच, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोटा किंवा संस्थास्तरावरचा प्रवेश घेतला की सवलत गेली. खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित (म्हणजे खाजगी) विद्यापीठंही यातून वगळली आहेत. म्हणजे तुमच्या तीनपैकी दोन पर्यायांत पूर्ण फी खिशातून. स्वायत्त कॉलेजातही डेव्हलपमेंट फी भरावी लागेल, ती धरून चला.

सवलतीचा अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर. जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच जमवा. नॉन-क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, जुना दाखला दिला तर अर्ज ओपनमध्ये जातो.

डेटा_बघा: माहितीपत्रकातलं ‘सर्वोच्च पॅकेज’ सोडून द्या, ते एका मुलाचं असतं. एनआयआरएफमध्ये (केंद्र सरकारची संस्थांची क्रमवारी) भाग घेणाऱ्या संस्थांना त्यांनी भरलेली माहिती स्वतःच्या वेबसाइटवर ठेवावी लागते. त्या पीडीएफमध्ये चार वर्षांच्या पदवीचा तक्ता शोधा: प्रवेश किती, वेळेत उत्तीर्ण किती, नोकरी किती जणांना, उच्च शिक्षणाला किती गेले आणि मध्यक पगार (निम्म्यांना याहून जास्त, निम्म्यांना कमी). नोकरी मिळालेल्यांचा आकडा उत्तीर्णांच्या आकड्याने भागा. प्रवेश ३०० आणि वेळेत उत्तीर्ण १८० असतील, तर उरलेल्या १२० जणांचं काय झालं, हा प्रश्न कॉलेजला थेट विचारायचा.

एक खोच आहे. हा तक्ता सगळ्या शाखांचा एकत्र असतो. त्यामुळे कॉम्प्युटरचे शाखानिहाय आकडे ट्रेनिंग-प्लेसमेंट सेलकडून लेखी मागा.

नॅक आणि एनबीए ही दोन्ही दर्जाची मानांकनं. नॅकची श्रेणी पूर्ण संस्थेची असते (ए++ म्हणजे ४ पैकी ३.५१ किंवा त्याहून जास्त), एनबीए मात्र एकेका अभ्यासक्रमाला मिळतं. कॉलेजला एनबीए आहे म्हणून फलक असतो, पण मेकॅनिकलला असून कॉम्प्युटरला नसणं सहज शक्य आहे. मुदत संपलेली नाही ना, तेही बघा.

कळवा_पालक: फार उपयोगी, दोघांचे आभार. मागच्या वर्षीचे कटऑफ कसे वाचायचे? त्यात खूप कोड आहेत.

कॅप_राउंड: पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मधे प्रवर्ग. शेवटचं अक्षर एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी (बारावी ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात झाली ते), ओ म्हणजे त्या क्षेत्राबाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तर. ठाणे जिल्ह्यातून बारावी झाली असेल तर होम मुंबई विद्यापीठ. वाशीच्या कॉलेजसाठी तुमचा रकाना ‘एलओबीसीएच’. पुण्याचं एखादं कॉलेज कॅपमधून यादीत घेतलंत तर तिथे ‘ओ’चा रकाना बघायचा. चुकीचा रकाना वाचून हाती येणारी जागा यादीतून काढून टाकणारे दरवर्षी दिसतात.

क्रम लावताना जपा. २०२५-२६ च्या नियमांत पहिल्या फेरीत पहिलाच पसंतीक्रम मिळाला की जागा आपोआप पक्की होत होती, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्यात पहिल्या सहापैकी कोणताही मिळाला तर. मग पुढच्या फेरीत बदल नाही. म्हणून जवळ आहे एवढ्यासाठी नको असलेलं कॉलेज वर टाकू नका. यंदाची माहितीपुस्तिका आली की हाच भाग आधी वाचा.

आणि अभिमत विद्यापीठात आधी पैसे भरून जागा धरणार असाल, तर परताव्याची शेवटची तारीख लेखी घ्या. मूळ गुणपत्रिका त्यांच्याकडे ठेवू नका, तपासून परत द्यायची असा यूजीसीचा नियम आहे.