मदत हवी आहे : सोसायटीत फायबर टाकावी की ५जी वाय-फायवर भागेल?

नमस्कार मंडळी. आमची नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ ४८ फ्लॅटची सोसायटी आहे. दिवाळीनंतर इलेक्ट्रिक शाफ्टचं काम निघतंय, तेव्हाच इंटरनेटचंही उरकावं म्हणतोय. सध्या गच्चीवरून सगळ्या केबलवाल्यांच्या वायरी लोंबतात आणि जिन्याखालच्या स्प्लिटरच्या (एक लाइन अनेक घरांत वाटणाऱ्या) डब्यात पावसाचं पाणी शिरतं.

कमिटीतल्या काहींचं म्हणणं, ५जीचा डबा खिडकीला लावला की झालं, भिंती कशाला फोडायच्या? पण टॉवरचा वेग आसपासचे सगळे वाटून घेतात. रात्री ९ वाजता घरोघरी व्हिडिओ सुरू झाले की काय होईल, याची मला खरंच काळजी वाटते. बरेच जण घरून काम करतात.

माझा कल फायबरकडे. आजच्या जीपॉनमध्ये (एकच फायबर अनेक घरांना पुरवण्याची पद्धत) सेकंदाला डाउनलोडला २.५ आणि अपलोडला १.२५ गिगाबिट मिळतात, तेही स्प्लिटरवरच्या घरांत वाटून. त्याची पुढची पिढी, एक्सजीएस-पॉन, दोन्हीकडे १० गिगाबिट देतं. त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी वेगळी, त्यामुळे फायबर तीच चालते, फक्त दोन्ही टोकांची यंत्रं बदलायची. आज केलेला खर्च वाया जात नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

शाफ्टपासून घरापर्यंतची फायबर सोसायटीनेच टाकावी, की नुसते रिकामे पाइप ठेवावेत? टाकलीच तर कोपऱ्यांत वळणं घेणारी जी.६५७ प्रकारची फायबर लागेल ना? आणि सोसायटीच्या फायबरवर कंपन्या कनेक्शन देतात का? नाशिकमध्ये कुणी हे केलं असेल तर खर्चासकट सांगा. रविवारी मीटिंग आहे.