वरच्या जबड्यात बोन ग्राफ्ट / सायनस लिफ्ट : आई माळकरी आहे, प्राण्यांचं नसलेलं ग्राफ्ट कुणी करून घेतलंय का?

नमस्कार मंडळी, आईसाठी विचारतेय. वय ६६, आम्ही साताऱ्याचे. डावीकडच्या वरच्या मागच्या दोन दाढा तिने बऱ्याच वर्षांपूर्वी काढल्या. आता उजवीकडच्याही दुखतात त्यामुळे भाकरी चावत नाही, आमटीत कुस्करून खाते. कवळी करून दिली होती ती टाळूला टोचते म्हणून डबीतच पडून असते. म्हणून इम्प्लांटचं (हाडात स्क्रू बसवून त्यावर पक्का दात) बघायला गेलो.

सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा थ्रीडी एक्स-रे) केला तर दाढांच्या जागी हाड उरलंय जेमतेम ३ मिमी आणि त्याच्यावर लगेच सायनसची पोकळी, म्हणजे गालाच्या आतली, नाकाशी जोडलेली हवेची जागा. डॉक्टरांनी समजावलं की दाढ गेली की तिथलं हाड झिजतं आणि वरून सायनसही खाली पसरत येतो. इम्प्लांट साधारण ८-१० मिमीचा, ३ मध्ये तो धरणार कुठे. म्हणून बाजूने हिरडी उघडून हाडाला छोटी खिडकी पाडायची, सायनसचं पातळ अस्तर न फाटू देता वर उचलायचं, खालच्या जागेत ग्राफ्टची, म्हणजे नवं हाड धरायला आधार देणारी पावडर भरायची आणि सहा ते नऊ महिन्यांनी इम्प्लांट. दुसरे एक डॉक्टर म्हणाले ग्राफ्ट आणि इम्प्लांट एकाच वेळी करू, पण मी जिथे जिथे वाचलं तिथे त्यासाठी निदान ४-५ मिमी हाड हवं असंच दिसतंय, त्यामुळे मला पहिल्यांचंच बरोबर वाटतंय.

आता खरा प्रश्न. पावडर कसली म्हणून विचारलं तर बायो-ऑस, म्हणजे गाईगुरांच्या हाडापासून केलेली. वरून झाकायचा कोलॅजनचा पडदा पण गुरांचा नाहीतर डुकराचा असतो म्हणे. पावडरीतलं प्रथिन सगळं काढून टाकलेलं असतं, नुसतं खनिज उरतं, रिझल्ट चांगले आहेत, हे मला मान्य आहे. पण डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की आईंना सांगूच नका, उगाच मनाला लावून घेतील. हे मला अजिबात पटलं नाही. तिच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, कांदा-लसूण सुद्धा खात नाही, आणि तिच्याच तोंडात काय भरणार ते तिला माहीत नको? घरी येऊन सगळं नीट सांगितलं. म्हणाली, "गाईचं असेल तर राहू दे गं, मी खाईन की कुस्करून."

स्वतःचं हाड घेता येतं, हनुवटीचं नाहीतर खालच्या जबड्याच्या मागच्या बाजूचं, पण म्हणजे अजून एक जखम, आणि तिची हाडं मुळातच ठिसूळ. तिसरा पर्याय सिंथेटिक, हायड्रॉक्सीॲपटाइट आणि ट्रायकॅल्शियम फॉस्फेटचं. पडद्याऐवजी तिच्याच रक्तातून काढलेलं पीआरएफ (रक्त यंत्रात फिरवून मिळणारा गुठळीसारखा थर) वापरता येतं म्हणतात. कुणी सायनस लिफ्टला फक्त सिंथेटिक वापरलंय का, आणि नंतर इम्प्लांट घट्ट बसला का? डॉक्टर मंडळी असतील तर प्लीज स्पष्ट सांगा.

दुसरं म्हणजे हाडांसाठी तिला ॲलेन्ड्रोनेट चालू आहे, ७० मिलिग्रॅमची आठवड्याला एक, रविवारी उठल्या उठल्या उपाशीपोटी घ्यायची आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही. चार वर्षं तरी झाली असतील. या गोळ्यांमुळे जबड्याच्या सर्जरीनंतर कधी कधी हाड भरून येत नाही, उघडं पडतं. गंमत म्हणजे नाही, काळजीची गोष्ट म्हणजे हे दाताच्या एकाही डॉक्टरने आपणहून विचारलं नाही, मीच चिठ्ठी काढून दाखवली. आता एक म्हणतात तीन महिने गोळी बंद ठेवा, दुसरे म्हणतात ते औषध हाडात वर्षानुवर्षं राहतं, बंद करून काय होणार. हाडांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी काहीही बंद करणार नाहीये. पण ही गोळी चालू असताना कुणाचं सायनस लिफ्ट झालंय का?

आणि तिला पावसाळाभर सर्दी असते. ऑपरेशननंतर दोन-तीन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, स्ट्रॉने प्यायचं नाही असं सांगितलंय. त्यात वारीची धूळ. त्यामुळे आषाढी सोडून दिवाळीनंतरच करावं असं वाटतंय, थंडीत केलेल्यांचा अनुभव सांगा.

अपडेट : ज्यांनी परळच्या टाटा मेमोरियलच्या टिश्यू बँकेबद्दल लिहिलंत त्यांचे खूप आभार. दात्यांनी दिलेल्या माणसाच्या हाडावर प्रक्रिया करून ते ग्राफ्टसाठी देतात हे मला माहीतच नव्हतं. आईला विचारलं तर थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली हे तर नेत्रदानासारखंच झालं की, हे चालेल. पहिल्या डॉक्टरांना फोन केला, ते हे वापरायला तयार आहेत. तर आता प्रश्न दोनच : हे ग्राफ्ट सायनस लिफ्टला वापरलेलं कुणी आहे का, एकटंच की सिंथेटिकमध्ये मिसळून? आणि गोळीचं वर विचारलंय ते. साताऱ्यात नाही जमलं तर पुण्याला यायची तयारी आहे, चांगले ओरल सर्जन माहीत असतील तर मेसेज करा.