'जागा विचारू नका' म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

घाटवेडा

परवा एकाने फोटो टाकले. कारवीच्या झुडपांतून जाणारी वाट, कातळात कोरलेल्या पावठ्या म्हणजे पायऱ्या, खाली अख्खं कोकण. आणि खाली ओळ, 'जागा विचारू नका, सांगणार नाही, काही जागा जपायच्या असतात.' त्यावर वाहवाचा नुसता पाऊस. दोन दिवस गप्प बसलो, पण डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय.

बाबा रे, त्या पावठ्या तू कोरल्यास का? घाटवाटा म्हणजे त्या काळचे हमरस्ते. नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे, जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण आहे, आज दोन हजार वर्षं लोक तिथून ये-जा करतायत. मीठ आणि सुकट वर यायची, मिरच्या-घोंगड्या खाली जायच्या, लेकी द्यायच्या त्या घाटाखाली, जत्रेला जायचं ते घाटावर. यात लपवण्यासारखं काय आहे? आणि तुला तरी कुणी दाखवली, वाडीतल्या एखाद्या मामांनीच ना? त्यांनी तुला 'विचारू नका' म्हटलं असतं तर?

माझा अनुभव सांगतो. घरापासून तासाभराच्या अंतरावर एक नाळ आहे, म्हणजे कड्यातली अरुंद घळ, २०१४ मध्ये एका मामांबरोबर उतरलो होतो, तेव्हा वाट चांगली मळलेली, मामा पुढे बोलत चालले होते नि कोयता कमरेलाच. २०२२ मध्ये परत गेलो तर अर्ध्यातच कारवीने वाट गिळलेली, पावठ्यांवर मातीचा थर, तीन तास झगडून मागे फिरलो. का? वरच्या वाडीला डांबरी रस्ता झाला, दवाखान्याला-बाजाराला माणसं जीपने जातात, त्या नाळेत कुणी उतरतच नाही. आठ वर्षांत वाट मेली. गर्दीने मेलेली वाट तुम्ही सगळे सांगता, न चालल्यामुळे मेलेल्या वाटा कोण मोजतंय?

म्हणून माझं म्हणणं, सांगा. नाव सांगा, पायथ्याचं गाव सांगा, मोबाईलवर नोंदलेला वाटेचा जीपीएस ट्रॅक टाका.

कातळकोर

लेख भावनेने लिहिलाय, पण देवकुंड विसरलात का? भिऱ्याजवळचा तो धबधबा काही वर्षांपूर्वी मोजक्या लोकांना माहीत होता. मग व्हिडिओ आले, लोकेशन आलं, माणसं बुडायला लागली, आणि आता पावसाळा आला की जमावबंदीचा आदेश निघतो. गावच्या माणसालाही तिकडे जायची चोरी. मढे घाटात पावसाळ्यातल्या रविवारी जाऊन बघा, तानाजींचा देह ज्या वाटेने उमरठला नेला असं सांगतात त्या वाटेच्या तोंडाशी गाड्यांची रांग असते.

आणि माझाही अनुभव ऐका. एका पदरात, म्हणजे दोन कड्यांमधल्या सपाटीवर, कातळकोरीव टाकं आहे, वरच्या वाडीचं उन्हाळ्यातलं प्यायचं पाणी तेच. मी स्वतः २०१८ साली त्याची माहिती आणि ट्रॅक टाकला होता, तुमच्यासारखाच उत्साहात. पुढच्या मार्चला गेलो तर टाक्यात शांपूची पाकिटं तरंगत होती आणि काठावर साबणाचा फेस सुकलेला. एक मावशी हंडा घेऊन उभी होती, मला म्हणाली, 'तुमच्यातलीच होती वीस-पंचवीस पोरं.' तुमच्यातलीच! त्या दिवशी घरी आल्यावर पहिलं काम केलं ते सगळे ट्रॅक उडवायचं. तुमच्या मेलेल्या वाटेबद्दल वाईट वाटतं, पण कारवी तोडून वाट परत उघडता येते, त्या मावशीचं पाणी मी कसं परत देणार होतो?

घाटवेडा

ते टाक्याचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण त्यात दोष ट्रॅकचा की वीस-पंचवीस पोरं घेऊन जाणाऱ्या आयोजकाचा? २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात आयोजकांनी नोंदणी करायची असं आहे, किती जणांनी केली ते बघा.

नकाशावाला

मधे पडतो कारण दोघंही ट्रॅक म्हणजे वाट असं धरून चाललाय, आणि तिथेच माणसं अडकतात. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या आडव्या थरांचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणून कडा, मग पदर, पुन्हा कडा, पुन्हा पदर. वाट कड्याला भिडते तिथे एकच फट असते आणि ती चुकली की पदरातून दोन तास आडवं फिरत बसायचं. अरुंद नाळेत दोन्ही बाजूला कातळ, आकाशाची चिंचोळी पट्टी दिसते, मोबाईलला उपग्रह पुरेसे मिळत नाहीत आणि सिग्नल भिंतींवर आपटून येतो, त्यामुळे ट्रॅकची रेषा वीस-तीस मीटर इकडेतिकडे सरकते. सपाटीवर वीस मीटर म्हणजे काही नाही. कड्याच्या तोंडाशी वीस मीटर म्हणजे सगळंच.

मी स्वतः बोराट्याच्या नाळेत बघितलंय, समोरचा पोरगा मोबाईलकडे बघत उजवीकडे चाललाय आणि मळलेली वाट त्याच्या डाव्या पायाजवळून गेलीये.

अनवट वाट शोधायची तर नकाशा वाचा. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे नकाशे २०१७ पासून फुकट उतरवता येतात. एक सेंटीमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, कंटूर म्हणजे समान उंचीच्या रेषा, वीस-वीस मीटरच्या अंतराने. कंटूर जिथे चिकटून काळे झालेत तिथे कडा, आणि त्या काळ्या पट्ट्यात जिथे रेषा फाकतात तिथे नाळ. आता बघा, त्या फटीच्या वर एक वाडी आहे आणि बरोब्बर खाली एक वाडी आहे का? असली तर वाट होतीच. मग त्या वाडीत जाऊन विचारा. हे कुणी लपवू शकत नाही आणि याने गर्दीही होत नाही, कारण एवढे कष्ट घेणारा माणूस टाक्यात साबण लावत नाही.

पायथ्याचा

सगळ्यांचं वाचलं. 'वाडीत जाऊन विचारा' सगळे म्हणता. मी त्या वाडीतलाच. आता आमचं ऐका.

तुम्ही विचारायला येता तेव्हा भात लावणी चालू असते नाहीतर गवत कापणी. माझ्या वडिलांनी तीस वर्षं लोकांना वाट दाखवली. सकाळी पाचला निघायचं, उतरवून द्यायचं, परत चढून यायचं, अख्खा दिवस मोडला, आणि हातावर दोनशे रुपये, वर 'काका, खूप मजा आली'. एकदा एक ग्रुप उतरून खालच्या खाली एसटीने गेला, पैसेच दिले नाहीत, वडील संध्याकाळी सातला बॅटरीच्या उजेडात एकटे चढून आले. आता ट्रॅक असतो म्हणून विचारतही नाहीत. आणि रात्री अकराला फोन येतो, दादा आम्ही अडकलोय, पाणी संपलंय. तेव्हा वाट सापडत नाही, दादा सापडतो.

लपवायचं की सांगायचं ते तुम्ही ठरवणार, आम्हाला कुणी विचारलं का?

सोंडेवरून

दादा, तुमचं मान्य, पण दुसरी बाजूही आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघं, एका वाडीत वाटाड्याचे दोन हजार सांगितले, अडीच तासांच्या वाटेचे. नाही म्हटलं तर 'मग जाऊ नका' म्हणाला. ही सरळ अडवणूक झाली. सामान्य माणसाने डोंगरात जायचंच नाही का?

पायथ्याचा

अडीच तास तुमचे. त्याचे उतरायचे अडीच आणि चढायचे चार. चौघांत पाचशे पाचशे पडले. तुमच्या गाडीचं पेट्रोल किती झालं ते पण लिहा इथे.

सोंडेवरून

पेट्रोलचा काय संबंध? दर ठरलेला नाही, पाटी नाही, प्रत्येक जण तोंडाला येईल तो आकडा सांगतो. याने गावाचंच नाव खराब होतं.

रानभूल

आकडा तोंडाला येतो कारण तुम्ही तोंडाकडे बघून घासाघीस करता. एवढे भारीतले बूट घालून जाणारी माणसं वाटाड्याशी शंभर रुपयांवरून वाद घालताना मी डोळ्यांनी बघितलीत, आणि तो बिचारा प्लास्टिकच्या चपलेवर घसाऱ्यात पुढे उभा राहून यांचे हात धरतोय. साम्रद गावात सांदण दरीमुळे आज घरोघर जेवणं होतात, तंबू लागतात, पोरं गावात राहिली. तिथे कुणी म्हणेल का की सांदण लपवायला हवी होती?

कातळकोर

साम्रदचं उदाहरण देताय तर शनिवारच्या रात्री तिथे झोपून बघा, स्पीकर चालू असतात. पण पैसा गावात राहतो हे कबूल करावंच लागेल, देवकुंडच्या बंदीत तोही राहत नाही.

सोंडेवरून

मी घासाघीस केली असं कुणी सांगितलं? न बघता आरोप करू नका. मी पैसे देऊन गेलो, आणि मधल्या टप्प्यावर वाटाड्या म्हणाला 'इथून सरळ जा' आणि परत फिरला. दोन हजार घेऊन. हे लिहायचं नव्हतं पण आता लिहितो.

पायथ्याचा

असं केलं असेल तर चुकलंच त्याचं. मी असतो तर खालच्या वाडीच्या देवळापर्यंत सोडलं असतं. पण दर आधी बोलायचा, कुठपर्यंत ते आधी बोलायचं, परतीचा चढ धरायचा. एवढं आधी झालं असतं तर भांडण नसतं. गावात पण मी हेच सांगतो, पाटी लावा. ऐकत नाहीत लोक.

नवखी

दरावरून इतकं चाललंय की मूळ मुद्दा राहिला. मी दोनच वर्षं डोंगरात जातेय. माझ्या घरात कुणी ट्रेकर नाही, कॉलेजात क्लब नव्हता. 'जाणकाराला विचारा' म्हणता तो जाणकार मला कुठे भेटणार? ही माहिती मित्रामित्रांत फिरते आणि ते मित्र बहुतेक पुरुष असतात. मी एका जुन्या ग्रुपला एका घाटाबद्दल विचारलं तर उत्तर आलं, 'ताई, आधी सोपे किल्ले करा.' त्याच दिवशी माझ्या ऑफिसातल्या मुलाने विचारलं, त्याला ट्रॅक मिळाला. त्याने माझ्या निम्मेही ट्रेक केलेले नाहीत.

शेवटी मी आणि आई, आई अठ्ठावन्न वर्षांची, आम्ही एका ओळखीच्या गावामागची वाट शोधली. किराणा दुकानातल्या आजींना विचारलं, तुम्ही लहानपणी माहेरी कुठून जायचात? त्यांनी दुकान सुनेवर सोडलं आणि ओढ्यापर्यंत आल्या, काठीने दाखवलं, 'त्या वाकड्या सावरीपासून वर, मग देवाचे दगड लागतील, त्यांना डाव्या हाताला ठेवायचं.' दगड होते. शेंदूर लावलेले तीन, वाळक्या पानांत अर्धे बुडालेले. आईने पानं बाजूला केली आणि हात जोडले. खिंडीत पोचायला दोन तास लागले, वाटेत एकही माणूस नाही.

ती वाट मी सांगू की नको, खरंच कळत नाही. लपवली तर माझ्यासारखी पुढची मुलगी पुन्हा 'आधी सोपे किल्ले करा' ऐकणार.

घाटवेडा

ताई, मला जे चार परिच्छेदांत नीट मांडता आलं नाही ते तुम्ही मांडलंत. लपवलेली माहिती नाहीशी होत नाही, ती ओळखीवाल्यांकडे राहते.

कातळकोर

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पण ताई, आजींनी तुम्हाला वाट दिली कारण तुम्ही दुकानात थांबलात, बोललात. तीच वाट नकाशावर ठिपका झाली तर कुणी त्या दुकानात पाय ठेवणार नाही, पायथ्याच्या दादाचं म्हणणं तेच आहे. आणि अजून एक, यातल्या बऱ्याच वाटा अभयारण्यात येतात, १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय शिरणं गुन्हा आहे. हरिश्चंद्रगडाचा बराचसा परिसर अभयारण्यातच. ट्रॅक टाकणारा हे कधी लिहीत नाही.

नकाशावाला

आणि मोहोळंही लिहीत नाहीत. फेब्रुवारी ते मे नाळेत आग्या मोहोळं लटकतात. ट्रॅक डिसेंबरचा, माणूस एप्रिलमध्ये अत्तर मारून जातो. माझ्या मित्राला सत्तर-ऐंशी डंख बसलेत, दोरावरून उतरवायला बचावाची पोरं आली, कामधंदा सोडून, एक पैसा न घेता. वाडीत विचारलं असतं तर पहिलं वाक्य हेच ऐकू आलं असतं, 'आता नका जाऊ, माश्या बसल्यात.'

घाटवेडा

बरं. कातळकोर, तुमच्याशी सगळं पटलेलं नाही, 'विचारू नका' म्हणणं मला आजही चूकच वाटतं. पण रात्री बसून माझे टाकलेले ट्रॅक तपासले. एकोणीस निघाले. त्यातल्या चार वाटांवर प्यायच्या पाण्याची टाकी आहेत आणि दोन नाळांत मोहोळं असतात हे मला माहीत असून मी लिहिलं नव्हतं. ते सहा आत्ता काढले. बाकीच्यांत ट्रॅक काढून वरचं गाव, खालचं गाव, घाटाचं नाव, कुठल्या महिन्यात गेलो, अभयारण्य आहे का आणि वाटाड्याला परतीच्या चढासकट काय दिलं, एवढं टाकतोय. ज्याला जायचंय त्याला गाव कळेल, पुढचं गावात.

कातळकोर

टाक्यांबद्दल आभार. एकोणीसपैकी सवाष्णी घाटाचा ट्रॅक तेवढा काढू नका, तिथे खालच्या टप्प्यात वाट चुकून लोक फार भरकटतात.

पायथ्याचा

वाटाड्याचे पैसे लिहिताय ते चांगलं. पण नंबर टाकण्याआधी विचारा माणसाला. माझ्या वडिलांचा नंबर अजून कुठेतरी आहे, त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, फोन मला येतो.

घाटवेडा

दादा, कुठे आहे तेवढं कळवा, काढून घ्यायच्या मागे लागतो. आणि तुमची हरकत नसेल तर त्या २०१४ च्या नाळेत दिवाळीनंतर येता का? कोयते दोन आणतो. आधी बोलून घेऊ, उतरायचे किती नि चढायचे किती.

पायथ्याचा

दिवाळीनंतर नको, भातकापणी असते. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात या. आणि कोयता आमचा चालेल, तुमचे शहरातले कोयते कारवीला चालत नाहीत.