मदत हवी आहे: राष्ट्रपतींची अनुमती असलेल्या राज्य कायद्याला आव्हान कोणत्या मुद्द्यांवर द्यावं?

प्रश्न
महाराष्ट्राच्या एका कायद्यातल्या परवान्याच्या अटींविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका करायची आहे. विषय समवर्ती सूचीतला (केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो असा) आहे आणि त्यावर केंद्राचा कायदा आधीपासून आहे. शासन म्हणतं की राष्ट्रपतींची अनुमती घेतलेली आहे, त्यामुळे आता वादच उरत नाही. हे बरोबर आहे का? याचिकेत आधी केंद्रीय कायद्याशी विसंगती मांडावी की अनुच्छेद १९(१)(छ), म्हणजे व्यवसाय-धंद्याच्या स्वातंत्र्याचा हक्क?

कलमदान
बरोबर नाही. अनुच्छेद २५४(२) खालची अनुमती एकच दोष झाकते, केंद्रीय कायद्याशी असलेली विसंगती. मूलभूत हक्काचा भंग तिने भरून निघत नाही. महाराष्ट्राचंच उदाहरण घ्या. पशुसंरक्षण दुरुस्ती कायद्याला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची अनुमती मिळाली. तरी ६ मे २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयाने त्यातलं कलम ५ड, म्हणजे राज्याबाहेर कत्तल झालेल्या गोवंशाचं मांस जवळ बाळगण्यावरची बंदी, अनुच्छेद २१ (जीविताचा आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याचा हक्क) च्या आधारे रद्द केलं. कत्तलीवरची बंदी मात्र कायम राहिली. (निकालावर अपिलं झालेली आहेत, उद्धृत करण्याआधी त्यांची सद्यस्थिती तपासा.)

अनुमतीवर विसंबण्याआधी ती नेमकी कशासाठी मागितली होती ते बघा. कैसर-ए-हिंद खटल्यात (२००२) मुंबई भाडे कायद्याला अनुमती होती, पण प्रस्तावात ज्या केंद्रीय कायद्यांशी विरोध दाखवला होता तेवढ्यापुरतीच. १९७१ चा सार्वजनिक जागा निष्कासन कायदा त्यात नव्हता, म्हणून त्याच्यापुढे भाडे कायदा टिकला नाही. अनुमतीनंतर संसदेने त्याच विषयावर दुरुस्ती केली असेल तर तीही वाचा. १९५४ च्या झवेरभाई अमैदास खटल्यात मुंबई प्रांताचा कायदा नंतरच्या केंद्रीय दुरुस्तीमुळेच निष्प्रभ ठरला होता.

प्रश्नकर्ता
अनुमतीचा प्रस्ताव मिळवायचा कसा?

कलमदान
राजपत्रात कायद्याच्या शीर्षकाजवळ अनुमती राज्यपालांची की राष्ट्रपतींची, ते छापलेलं असतं. राष्ट्रपतींची असेल तर विधी व न्याय विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज करा. त्यात 'अनुमतीची माहिती द्या' असं मोघम लिहू नका. 'विधेयक राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवताना केंद्राला पाठवलेलं पत्र, सोबतची टिप्पणी आणि त्यात नमूद केलेले केंद्रीय कायदे' अशी मागणी करा. माहिती ३० दिवसांत मिळायला हवी. नाही मिळाली तर याचिकेतच ती कागदपत्रं हजर करण्याची विनंती करा.

साक्षीपुरावा
क्रमाबद्दल माझं मत. आधी राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतली (केंद्र, राज्य आणि समवर्ती विषयांच्या याद्यांतली) नेमकी नोंद ठरवा. कायद्याचा गाभा राज्य सूचीत पडत असेल तर २५४ लागूच होत नाही, आणि सरकारी वकील पहिला हल्ला तिथेच चढवतात. मग विसंगती, मग हक्क. पश्चिम बंगालचा २०१७ चा गृहनिर्माण कायदा ४ मे २०२१ ला रेराशी (केंद्राच्या स्थावर मालमत्ता कायद्याशी) विसंगत म्हणून पडला. तिथे राष्ट्रपतींची अनुमतीच नव्हती, त्यामुळे तो निकाल तुमच्या प्रकरणात अर्धाच उपयोगी.

१९(१)(छ) चा मुद्दा 'अट जाचक आहे' एवढ्यावर कोर्टात टिकत नाही. हक्कावर वाजवी निर्बंधांना मुभा देणाऱ्या १९(६) खाली शासन सार्वजनिक हित दाखवतं. तेव्हा प्रत्येक अट सुटी घ्या: उद्देश काय, अटीचा त्याच्याशी संबंध काय, कमी जाचक उपाय होता का, आणि हक्काची किंमत फार मोठी होते का. महाराष्ट्रातल्या डान्सबारवरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या निकालात अशीच अटीगणिक छाननी झाली. शाळा आणि धार्मिक स्थळांपासून एक किलोमीटरची अट गेली, रात्री साडेअकरापर्यंतची वेळमर्यादा राहिली.

म्हणून मागणीही कलमवार लिहा. संपूर्ण कायदा रद्द करा म्हटलं की कायदा वैध असल्याचं गृहीतक तुमच्या विरोधात पुऱ्या ताकदीने उभं राहतं आणि अंतरिम स्थगिती आणखी अवघड होते. राज्यासोबत केंद्र सरकारलाही प्रतिवादी करा, महाधिवक्ता (राज्याचे) आणि महान्यायवादी (केंद्राचे) दोघांनाही नोटीस द्या. यातली नोटीस राहून गेली की पहिली तारीख तिच्यातच जाते.